शोषण रोखायचं असेल तर अनुभवी माणसं प्रश्न ठरवतानाच हवीत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: एक लहान संस्था मानवी तस्करी आणि वेठबिगारी रोखण्यासाठी कार्यक्रम आखते आहे. थोडा निधी आहे, एक संशोधक आहे आणि शोषणातून बाहेर पडलेल्या काही जणांशी (पुढे यांनाच अनुभवी माणसं म्हटलं आहे) ओळख आहे. संशोधन आणि या लोकांचा अनुभव यांची सांगड प्रत्यक्षात कशी घालायची, कुणाला कधी विचारायचं, मोबदल्याचं काय आणि गाडी सहसा कुठे अडते?

सर्वांत आधी क्रमाबद्दल. बहुतेक ठिकाणी संशोधनाचा आराखडा ठरतो, प्रश्नावली छापून होते, निधी देणाऱ्यांची मंजुरी येते आणि मग कुणालातरी आठवतं की ‘पीडितांचा सहभाग’ दाखवायचा राहिला. एखाद्या बाईला बोलावून मसुदा दाखवतात, ती दोन शब्द सुचवते, फोटो निघतो. तोवर बदलण्यासारखं सगळं ठरून गेलेलं असतं. या माणसांचा खरा उपयोग त्याच्या कितीतरी आधी, ‘आपण नेमकं काय शोधतोय’ हे ठरवताना असतो. दार उघडं असूनही कुणी बाहेर का पडत नाही, फोन काढून घेतात तो कुठल्या निमित्ताने, हिशेबाची वही कोण लिहितो, तक्रार करणाऱ्याला पहिली शिक्षा काय होते, ही माहिती कार्यालयात बसलेल्या कुणाकडेच नसते. हे यंत्रणा कशी चालते याचं ज्ञान आहे. ते मागताना त्या व्यक्तीची करुण कहाणी मागायची काहीच गरज नाही, आणि मागूही नये.

पहिले दोन महिने

व्याख्येपासून सुरुवात करा, कारण गोंधळ तिथेच होतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसार तस्करी सिद्ध व्हायला तीन गोष्टी लागतात: कृती (भरती करणं, नेणं, ठेवून घेणं), साधन (बळजबरी, फसवणूक, अगतिकतेचा गैरफायदा) आणि शोषणाचा हेतू. १८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत साधन सिद्ध करावं लागत नाही. सक्तीच्या मजुरीची व्याख्या त्याहून जुनी, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या, म्हणजे आयएलओच्या, १९३० सालच्या २९ क्रमांकाच्या करारातली आहे: शिक्षेच्या धाकाखाली करून घेतलेलं आणि माणसाने आपण होऊन न पत्करलेलं काम. दोन्हींचा मोठा भाग एकमेकांवर येतो, पण दोन्ही एकच नाहीत. तुमचा कार्यक्रम यांपैकी कशासाठी आहे, हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

आयएलओने सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणं दिली आहेत. कागदपत्रं ताब्यात ठेवणं, मजुरी अडवणं, कर्जात अडकवणं, एकटं पाडणं, धमक्या, बेसुमार जादा काम वगैरे. नवख्या संस्था ती यादी जशीच्या तशी प्रश्नावलीत उतरवतात आणि चाळीस प्रश्नांचं एक ओझं तयार होतं. त्यापेक्षा एक व्यवसाय, एक मार्ग आणि एक टप्पा निवडा. ‘बांधकामावर कंत्राटदारामार्फत आलेल्या मजुरांची पहिल्या तीन महिन्यांतली मजुरी का अडकते’ हा संशोधनाचा प्रश्न आहे. ‘मानवी तस्करीची कारणे व उपाय’ हा परिसंवादाचा विषय आहे.

हा प्रश्न निवडण्याच्या बैठकीतच अनुभवी लोक हवेत. एकटी व्यक्ती कधीच बोलावू नका. दहा अधिकाऱ्यांसमोर बसलेला एक माणूस एकतर गप्प राहतो, नाहीतर सगळ्या पीडितांचा प्रतिनिधी बनवला जातो. चार ते सहा जणांचा गट बरा. त्यात शोषणाचे वेगवेगळे प्रकार, स्त्रिया आणि पुरुष, बाहेर पडून थोडा काळ झालेले आणि बराच काळ झालेले असे सगळे हवेत. ताज्या जखमेच्या माणसाला सल्लागार करण्याची घाई नको. त्याला आधी राहायला जागा, कामधंदा आणि कायदेशीर मदत लागते.

निवड करताना मोठा खड्डा असतो तो ओळखीचा. बहुतेक संस्थांना ही माणसं निवारागृहांमार्फत भेटतात. निवारागृहात कोण पोचतं? प्रामुख्याने लैंगिक शोषणातून सोडवलेल्या स्त्रिया आणि मुलं. मासेमारीच्या बोटीवर, वीटभट्टीवर, शेतात राबलेले पुरुष तिथे क्वचित दिसतात. शिवाय निवारागृह स्वतःचं नाव चांगलं ठेवणारी, व्यवस्थित बोलणारी माणसंच पुढे करतं. निम्मा गट तरी दुसऱ्या वाटेने गोळा करा: कामगार संघटना, कायदेशीर मदत केंद्रं, परत आलेल्या स्थलांतरितांचे गट, धार्मिक संस्था. आणि ज्यांनी स्वतःला कधी ‘पीडित’ म्हटलंच नाही, त्यांना त्या नावाने हाक मारून बोलावू नका. ‘तुम्ही त्या कामावर होता, तिथला हिशेब कसा चालायचा ते समजून घ्यायचंय’ एवढं पुरतं.

मोबदला

दर बाहेरच्या कुठल्याही सल्लागाराला देता तोच. कमी नाही आणि दयेपोटी जास्तही नाही. बैठकीचे तीन तास असतील तर आधीचं वाचन आणि नंतरची चर्चा धरून पाच तासांचे पैसे द्या. प्रवासखर्च आधी हातात द्या, कारण ‘बिल लावा, महिनाभरात मिळेल’ म्हटलं की ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते नेमके गळतात. मुलांना सांभाळायची सोय किंवा त्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर दाखवा.

दोन अडचणी आधीच विचारून घ्या. पहिली, हे पैसे मिळाल्याने त्या व्यक्तीची एखादी सरकारी मदत बंद होते का, किंवा तिला काम करायची परवानगी आहे का. दुसरी, पैसे कुठल्या मार्गाने आलेले चालतील. नवऱ्याच्या खात्यात किंवा घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलेली रक्कम धोकादायक ठरू शकते, आणि खात्यावर उमटलेलं तुमच्या संस्थेचं नावसुद्धा बोलकं असतं.

लेखी करारात एक कलम ठळकपणे असू द्या: स्वतःचा अनुभव सांगण्याची सक्ती नाही, आणि न सांगितल्याने मोबदला कमी होणार नाही. कुठल्या निर्णयात त्यांचं मत बंधनकारक आहे आणि कुठे फक्त विचारात घेतलं जाईल, हेही लिहा. इथे गुळमुळीत राहिलात की सहाव्या महिन्यात भांडण ठरलेलं. फक्त सल्ला घ्यायचा असेल तर तसं स्पष्ट सांगा, लोकांना ते चालतं. निर्णय त्यांचाच असल्याचं भासवून ऐनवेळी त्यांना बाजूला सारणं मात्र कुणालाच चालत नाही.

प्रश्नावली: इथेच सगळा खेळ

अनुभवाचा संशोधनाला होणारा सर्वांत मोठा फायदा प्रश्नांच्या शब्दांत दिसतो, म्हणून इथे जरा थांबतो.

नेहमीचा प्रश्न: ‘तुम्हाला काम सोडून जाण्याचं स्वातंत्र्य होतं का?’ कर्जात बांधलेला मजूरही याला बिनदिक्कत ‘हो’ म्हणतो. कुणी दोरखंडाने बांधलेलं नव्हतं, आणि आपण अडकलो होतो हे कबूल करणं मानहानीचं वाटतं. वर, ज्याने पैसे घेतले त्याने ते फेडलेच पाहिजेत असं त्याला स्वतःलाही वाटत असतं. त्याऐवजी असं विचारा: ‘समजा दुसऱ्या दिवशी सकाळीच निघायचं ठरवलं असतं, तर काय काय झालं असतं?’ मग थांबा. घाई केली नाहीत तर उत्तर हळूहळू उलगडतं: मजुरीचे दोन महिने बुडाले असते, ओळखपत्र मुकादमाकडे होतं, गावी भावाला जाब विचारला असता, पुढच्या हंगामात कुणी घेतलं नसतं. यांतलं प्रत्येक वाक्य एकेका लक्षणाच्या खाली नोंदवता येतं. ‘सक्ती’ हा शब्द मात्र कुणी उच्चारलेला नसतो.

कर्जाचंही तसंच. ‘किती कर्ज घेतलं होतं?’ या प्रश्नाला एक आकडा मिळतो आणि तो जवळजवळ निरुपयोगी असतो. उचल कशी वाढते हे कळायला पाच आकडे लागतात: हातात किती पडले, वहीत किती मांडले, प्रवास आणि खाण्याचे म्हणून किती लावले, दर महिन्याला किती कापले, आणि काम संपलं त्या दिवशी बाकी किती सांगितली. समजा हातात ८० आले आणि वहीत १०० चढले. प्रवासाचे २० लागले, बाकी १२०. महिन्याला १० कापले जातात, पण राशनचे आणि आजारपणाच्या खाड्याचे मिळून १२ चढतात. सहा महिने राबून बाकी १३२. हातात ८० घेतलेला माणूस ‘माझं कर्ज १३२ आहे’ असं सांगतो आणि तुमच्या तक्त्यात ते मोठ्या कर्जाचं प्रकरण म्हणून बसतं. खरं प्रकरण आहे ते खाड्याच्या दंडाचं आणि दुसऱ्याच्या हातातल्या वहीचं. कर्ज कमी करायला बचतगट काढलात तर यातलं काहीच बदलणार नाही. दंड बंद करणं आणि हिशेबाची दुसरी प्रत मजुराकडे असणं, यानेच बदलेल. पाच आकडे विचारा, हे तुम्हाला सांगतो तो त्या वहीवर अंगठा उठवलेला माणूस.

व्यवहारात प्रश्नावली अशी तयार करा. संशोधकाने कच्चा मसुदा करावा, २० ते २५ प्रश्नांपेक्षा मोठा नको. गटाने तो मोठ्याने वाचावा. प्रत्येक प्रश्नावर तीन गोष्टी तपासा: हा शब्द त्या कामावर कुणी वापरतं का, खरं उत्तर दिलं तर देणाऱ्याला धोका आहे का, आणि खोटं उत्तर देणं सोयीचं का वाटेल. मग सात-आठ जणांवर चाचणी घ्या. चाचणीनंतर किमान एक प्रश्न काढून टाकावा लागला नाही, तर चाचणी नीट झालेली नाही असं समजा.

मुलाखत घेण्याआधी ती लागतेच का

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये तस्करीतून आलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींसाठी दहा सुरक्षा-तत्त्वं दिली. ती आजही टिकून आहेत. इजा करू नका, मदतीची माहिती हाताशी ठेवा, दुभाषी पारखून घ्या, स्वतःच्या धोक्याबद्दल ती बाई जे सांगते त्यावर विश्वास ठेवा, ही त्यांतली काही. २०२२ मध्ये आलेल्या मुराद संहितेने, म्हणजे संघर्षातल्या लैंगिक हिंसेतून वाचलेल्यांकडून माहिती घेण्याच्या आचारसंहितेने, आणखी एक मूलभूत सवाल पुढे आणला: ही मुलाखत घ्यायलाच हवी का? तीच माहिती खटल्यांच्या कागदांतून, हेल्पलाइनच्या नोंदींतून, मजुरीच्या दाव्यांतून मिळत असेल तर माणसाला पुन्हा त्यातून नेण्याचं कारण उरत नाही. माझा आग्रह असा की मुलाखतीतला प्रत्येक प्रश्न कुठल्या निर्णयासाठी आहे ते समासात लिहा. समास रिकामा राहिला तर प्रश्न खोडा. ‘पहिल्यांदा अत्याचार कधी झाला’ हा प्रश्न निम्म्या प्रश्नावल्यांत असतो आणि त्याच्या उत्तराने कुठलाही कार्यक्रम बदलत नाही.

मुलाखत लागणारच असेल, तर तयारी अशी. मदत देणाऱ्या संस्थांच्या यादीतल्या प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करून पाहा. दोन वर्षांपूर्वीच्या यादीतले काही क्रमांक हमखास बंद सापडतात. जागा ठरवताना आत येणारा आणि बाहेर पडणारा रस्ता इतरांना दिसत नाही ना, ते पाहा. मध्येच कुणी आलं तर बोलायला एक निरुपद्रवी विषय आधीच ठरवून ठेवा, उदाहरणार्थ मुलांचं लसीकरण, आणि त्यावरचे चार प्रश्नही हातात असू द्या. फोन कधी करायचा, दुसऱ्याने उचलला तर काय म्हणायचं, निरोप ठेवायचा की नाही, हे त्या व्यक्तीलाच विचारा.

गोपनीयतेची हद्द सुरुवातीलाच सांगावी लागते. लहान मुलाला धोका असल्याचं कळलं तर तुम्हाला कायद्याने कळवणं भाग असेल, तर ते बोलणं सुरू होण्यापूर्वी सांगा. अर्ध्यातून सांगितलं तर तो विश्वासघातच होतो. संमती एकदाच सही घेऊन उरकायची गोष्ट नव्हे. बोलायला, रेकॉर्ड करायला, उद्धृत करायला, पुढे पुन्हा संपर्क करायला अशी वेगवेगळी संमती घ्या, आणि मुलाखतीनंतर दोन आठवड्यांपर्यंत सगळं मागे घेण्याची मुभा द्या. सही ही अनेकांना कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याची आठवण करून देते. तोंडी संमती रेकॉर्ड करणं तिथे बरं.

बोलणं संपवताना आजच्या दिवसावर या: घरी कसं जाणार, संध्याकाळी सोबत कोण आहे. सर्वांत वाईट प्रसंगावर रेकॉर्डर बंद करून ‘धन्यवाद’ म्हणणारे मुलाखतकार पुष्कळ आहेत. त्यांना दुसऱ्यांदा मैदानात पाठवू नये.

अनुभवी व्यक्तीच मुलाखतकार असतील तर माहिती खोल मिळते, पण जोखीमही वेगळी असते. समोरचा माणूस ओळखीचा निघू शकतो, किंवा जुन्या दलालाचा नातेवाईक. म्हणून मुलाखतींची यादी त्यांना आधी पाहायला द्या आणि कारण न विचारता नाव बदलून देण्याची मुभा ठेवा. दिवसाला दोनपेक्षा जास्त मुलाखती नकोत, त्यासुद्धा सलग नकोत. आठवड्याला एकदा बाहेरच्या समुपदेशकाशी बोलण्याची सोय पगारी वेळेत हवी. संस्थेचाच माणूस समुपदेशक नको, कारण त्याच्यासमोर कुणी ‘मला हे झेपत नाही’ म्हणत नाही.

आकड्यांबाबत सावध

आयएलओ, वॉक फ्री (आधुनिक गुलामगिरीविरोधात काम करणारी संस्था) आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीत होते आणि २ कोटी २० लाख लोक सक्तीच्या विवाहात. त्याच अहवालात एक कमी चर्चिलेली नोंद आहे: जबरदस्तीचं सर्वांत जास्त आढळलेलं साधन म्हणजे मजुरी अडवून ठेवणं, सुमारे ३६ टक्के. साखळदंड आणि कोंडलेली खोली दाखवणाऱ्या भित्तिपत्रकांवर खर्च करण्याआधी हा आकडा भिंतीवर चिकटवा.

तुमच्या पातळीवर जागतिक आकड्याचा उपयोग नाही आणि पोलिसांकडच्या नोंदींचाही जपून करायचा. नोंदवलेली प्रकरणं वाढली म्हणजे शोषण वाढलं असं नसतं. शोधणारे वाढले तरी आकडा वाढतो. लपलेल्या लोकसंख्येचा अंदाज काढायच्या दोन पद्धती नेहमी पुढे येतात. पहिलीत पोलीस, संस्था, आरोग्यसेवा अशा निदान तीन स्वतंत्र याद्यांत तीच नावं किती वेळा येतात, यावरून न सापडलेल्यांचा अंदाज बांधतात. ब्रिटनमध्ये २०१४ साली याच पद्धतीने २७४४ ज्ञात प्रकरणांवरून २०१३ सालचा १० ते १३ हजारांचा अंदाज काढला गेला. लहान संस्थेला हे झेपत नाही, आणि याद्या एकमेकींवर अवलंबून असतील, म्हणजे पोलीसच सगळ्यांना संस्थेकडे पाठवत असतील, तर गणित फसतं.

दुसरी पद्धत कूपनांची. काही सुरुवातीची माणसं निवडायची, प्रत्येकाला साधारण तीन कूपनं द्यायची, त्यांनी ओळखीच्यांना ती द्यायची आणि साखळी पुढे न्यायची. १९९७ मध्ये समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकथॉर्न यांनी मांडलेली ही पद्धत स्थलांतरित मजुरांमध्ये चांगली चालते. ती बिघडते तेही ठरलेल्या दोन जागी. मुकादमाला कळलं की कूपनामागे पैसे आहेत, तर तोच कूपनं गोळा करून आपली पढवलेली माणसं पाठवतो. आणि जो खरोखर एकटा पाडलेला आहे, मालकाच्या घरात राहून घरकाम करणारी मुलगी जशी, तिच्यापर्यंत ओळखीची साखळी पोचतच नाही. म्हणजे पद्धत सर्वांत जास्त अडकलेल्यांनाच गाळते. हे दोन्ही धोके अनुभवी गट पहिल्या बैठकीत सांगतो. त्यावर उपाय साधे आहेत: कूपनाचे पैसे दोन टप्प्यांत द्या, प्रत्येकाला ‘हे कूपन कुणी दिलं, तो तुमचा कोण’ विचारा, आणि घरकामगारांसाठी वेगळी वाट काढा, जसं सुट्टीच्या दिवशीची बाग, प्रार्थनास्थळ, पैसे पाठवायची दुकानं.

अर्थ लावताना पुन्हा तोच गट

माहिती आली की संशोधक एकटाच संगणकासमोर बसतो, ही दुसरी मोठी गळती. दहा-बारा ठळक निष्कर्ष एकेका चिठ्ठीवर साध्या भाषेत लिहा आणि गटासमोर मांडा. प्रत्येक चिठ्ठीवर तीन प्रश्न: हे पटतं का, यात काय सुटलंय, आणि हे छापलं तर कुणाच्या जिवावर बेतेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं. पळून जायची वाट, मदत करणारा ट्रकचालक, फोन लपवायची जागा, हे अहवालात छापलं की महिनाभरात ते मार्ग बंद होतात. असा मजकूर वगळायचा अधिकार गटाकडे ठेवा.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं मानू नका. गाव, महिना, कामाचा प्रकार आणि मुलांची संख्या एवढ्यावरून ओळखीचा माणूस दोन मिनिटांत ओळखतो. दोन-तीन तपशील ढोबळ करा, आणि तक्त्यात दहापेक्षा कमी माणसं असलेला रकाना वेगळा दाखवू नका.

आकडे एक सांगतात आणि अनुभव दुसरंच सांगतो, असं झालं तर? आधी शोध घ्यायचा की दोघं एकाच लोकांबद्दल बोलत आहेत का. पाहणीत ‘९० टक्के मजुरांची कागदपत्रं स्वतःकडेच’ असं येतं आणि गटातले सगळे म्हणतात की कागद मुकादमाकडे असतात. बहुतेकदा पाहणी कामाच्या ठिकाणी, मुकादमाच्या नजरेसमोर झालेली असते, किंवा ‘मूळ कागद’ आणि ‘झेरॉक्स’ यांत फरक केलेला नसतो. पण उलटही घडतं. गटातले लोक दहा वर्षांपूर्वीच्या पद्धती सांगत असतात आणि धंदा बदललेला असतो: भरती आता फोनवरच्या गटांतून होते, उचल ऑनलाइन येते. अनुभवालाही तारीख असते. ज्याचं म्हणणं मोठ्याने मांडलं गेलं त्याचं खरं, असा न्याय दोन्ही बाजूंनी टाळा आणि तेवढा एकच मुद्दा घेऊन पुन्हा छोटी पाहणी करा.

रोखायचं नेमकं कुठे

आता कार्यक्रमाकडे. जागृती मोहिमा हा सगळ्यांचा आवडता उपाय, आणि माझ्या मते गरजेपेक्षा फार जास्त वापरला जाणारा. दक्षिण आशियातून घरकामाला आणि कपड्यांच्या कारखान्यांत जाणाऱ्या स्त्रियांसाठी आयएलओने ‘वर्क इन फ्रीडम’ हा कार्यक्रम चालवला. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने त्याचा अभ्यास केला. निघण्यापूर्वी दिलेल्या थोड्या वेळाच्या प्रशिक्षणाने पुढच्या शोषणापासून संरक्षण मिळतं, याला त्यात फारसा आधार मिळाला नाही. कारण गूढ नाही. धोका आहे हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांच्याकडे दुसरी वाट नसते, आणि दलाल अनेकदा ओळखीचा किंवा नात्यातला असतो. अनोळखी माणसापासून सावध राहा, हा सल्ला मामाच्या बाबतीत कामाला येत नाही.

म्हणून प्रवासाचे टप्पे मोठ्या कागदावर मांडा: निर्णय, भरती, प्रवास, पोचणं, काम, बाहेर पडणं, परतल्यानंतर. प्रत्येक टप्प्यावर गटाला विचारा: ‘इथे काय वेगळं असतं तर पुढचं टळलं असतं?’ ‘मला माहीत असतं तर’ हे उत्तर अपेक्षेपेक्षा कमी वेळा येतं. जास्त वेळा येतं ते असं: भरतीचे पैसे मला भरावे लागले नसते तर, पहिल्या महिन्याची मजुरी हातात पडली असती तर, मालक बदलता आला असता तर, तक्रार केल्यावर मलाच पकडून नेलं नसतं तर. यांतल्या पहिल्याला आंतरराष्ट्रीय नियमाचा आधार आहे. आयएलओच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार खासगी भरती संस्थांनी, मोजके अपवाद सोडता, कामगाराकडून शुल्क घ्यायचं नाही. पुढे २०१९ मध्ये, शुल्कात वैद्यकीय तपासणी, प्रवास, प्रशिक्षण असे कुठले खर्च धरायचे हेही स्पष्ट केलं गेलं. शेवटच्या उत्तरासाठी, म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच पकडलं जाऊ नये यासाठी, दोन गोष्टींची मागणी करावी लागते: कामगार निरीक्षक आणि परदेशी नागरिकांवर कारवाई करणारी यंत्रणा यांच्यात माहितीची देवाणघेवाण नसणं, आणि शोषणात असताना करायला लावलेल्या गुन्ह्यांबद्दल त्या माणसाला शिक्षा न होणं.

अनुभवातून नियम कसा घडतो, याचं उत्तम उदाहरण फ्लोरिडातल्या इमोकाली शेतमजुरांचं आहे. त्यांच्या संघटनेने २०११ पासून टोमॅटोच्या शेतांत राबवलेल्या फेअर फूड कार्यक्रमाची आचारसंहिता मजुरांनीच घडवली. तिच्यात एक कलम बादलीबद्दल आहे. मजुरी सुमारे साडेचौदा किलोच्या भरलेल्या बादलीमागे मिळायची, पण मुकादम काठाच्या वर शीग लावल्याशिवाय बादली मोजायचाच नाही. दहा टक्क्यांपर्यंत माल फुकट जायचा, आणि शीग लावायला नकार देण्यावरून मारहाण व्हायची. संहितेने बादली कुठवर भरली की भरली म्हणायची, ते ठरवून टाकलं. कामगार कायद्याच्या कुठल्याही अभ्यासकाला हे कलम सुचलं नसतं. सोबत कामाच्या पगारी वेळेत मजुरांनीच मजुरांना दिलेलं प्रशिक्षण, चोवीस तास चालणारी तक्रारीची लाइन, आणि नियम मोडणाऱ्या शेताचा माल मोठ्या खरेदीदारांनी न घेण्याचा बंधनकारक करार. हा करार नसता तर बाकी सगळं कागदावरच राहिलं असतं. अनुभवातून नियम सुचतो, पण तो पाळला जातो तो पैशाच्या दबावाने. तुमच्या कार्यक्रमात हा दबाव कुणाचा, याचं उत्तर शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोजायचं काय

‘इतक्या जणांना सोडवलं’ हा आकडा प्रतिबंधाचा नाही. सोडवलेल्या माणसाचं घरचं कर्ज तसंच असेल तर तो त्याच मुकादमाकडे परत जातो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याच आकड्यात भर घालतो. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात चार गोष्टी तपासा: मूळ कागदपत्रं कुणाकडे आहेत, किती दिवसांची मजुरी थकली आहे, सुरुवातीच्या बाकीच्या तुलनेत आजची बाकी किती, आणि तोच ‘उद्या निघालात तर’ हा प्रश्न. कार्यक्रम नसलेल्या एखाद्या तशाच ठिकाणी हीच चार मापं घ्या, नाहीतर हंगाम चांगला गेल्याचं श्रेय तुम्ही घ्याल.

तक्रारी पहिल्या वर्षी वाढणार. निधी देणाऱ्याला हे प्रस्तावातच लिहून कळवा, कारण नंतर सांगितलं की ती सबब वाटते. शून्य तक्रारी आलेली कामाची जागा दिसली की आधी हेल्पलाइनचा क्रमांक तिथे खरंच लागतो का, ते पाहा.

आणि निधी संपण्याच्या तीन महिने आधी हेल्पलाइनचं काय करायचं ते ठरवा. क्रमांक लोकांच्या पाकिटात, दाराच्या मागे, मुलांच्या वहीत लिहिलेला असतो आणि फोन प्रकल्प संपल्यावर दोन वर्षांनीही येतो. तो दुसऱ्या संस्थेकडे वळवायचा असेल तर त्या संस्थेत कोण उचलतं, कुठल्या भाषेत बोलतं आणि फोन करणाऱ्याला न विचारता पोलिसांना कळवतं का, हे अनुभवी गटातल्या दोघांनी स्वतः फोन लावून तपासावं आणि मगच क्रमांक सोपवावा.